खाप्याची काडी

सत्त्याऐंशी साली पाऊस बेताचाच झाला आणि ज्याला त्याला विहिरीत पंप उतरवायची घाई सुटली. नागपूरच्या इतवारीतल्या मधुकररावांच्या दुकानापुढे बैलबंड्यांची रांग लागली. वर्ष सरता सरता पंपाच्या कंपनीचं पत्र आलं. विदर्भात सगळ्यात जास्त पंप तुम्ही विकले, तेव्हा तुम्ही आणि तुमच्या सौभाग्यवतींनी लक्षद्वीपच्या एका बेटावर जाऊन पाच दिवस आराम करावा, जाण्यायेण्यापासून जेवणापर्यंत सगळं आमच्याकडे. सोबत एक गुळगुळीत रंगीत कागद होता. त्यावर निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाखाली तोकड्या कपड्यांत पहुडलेली एक गोरी बाई आणि पाण्याखाली परातीएवढं कासव.

"अवं माय! थंडी वाजत नसंन हिले?" कौसल्या बाईकडे बघून म्हणाली.

"बाईले काय पाहतं? कासव पाह्य कासव!" मधुकरराव म्हणाले. पन्नाशीला आलेला माणूस, पण कासव बघून डोळे असे चमकले की विचारू नका.

कौसल्येला जायचं नव्हतं. पाण्याची भीती होती म्हणून नाही, उलट पाणी ओळखीचं होतं म्हणून. ती खाप्याची, नदीकाठच्या गावची. तिचा बाप बळीराम कन्हान नदीवर डोंगा चालवायचा, माणसं ऐलथडीची पैलथडी करायचा. पोरीला त्याने दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे वाळलेला भोपळा कमरेला बांधून पोहणं. आणि दुसरी, पाणी वाचणं. पाण्यात पाय घालायच्या आधी वर पहाडाकडचं आभाळ बघायचं, मग पाण्याचा रंग बघायचा, आणि मग पाण्याच्या कडेला एक काडी रोवायची. आभाळ साफ, पाणी नितळ आणि काडी कोरडी, तर खुशाल उतरा. "नदी आभाळाले विचारल्याबिगर चढत नाही पोरी," बळीराम म्हणायचा. आणि त्या घाटावर त्याच्या हयातीत एकही माणूस बुडला नाही, ही काही बोलाची कढी नव्हे.

त्यामुळे लग्नाला चोवीस वर्षं होऊनही मधुकरराव बाहेरगावी निघाले की दारातून हाक मारायचे, "काय वं, आभाळ कसं आहे?" ती पीठ-मिठाचे हात तसेच घेऊन अंगणात यायची, मान वर करायची. "जा. काही नाही होत." नाहीतर, "दुपारच्या आत वापस या." एकदा तिने नको म्हटलेलं असताना ते रामटेकला गेले, नाला भरून आला आणि एसटीच्या टपावर बसून रात्र काढावी लागली. तेव्हापासून तिच्या शब्दाबाहेर पाऊल टाकायची त्यांची टाप नव्हती. स्वतः मधुकरराव नागपुरातच वाढलेले. हजार विहिरींत पंप उतरवले, पण आपण कधी गुडघ्यापलीकडे उतरले नाहीत. पोहण्याच्या नावाने शंख.

तर जानेवारीत दोघं निघाले. एर्नाकुलमपर्यंत रेल्वे, पुढे जहाज, आणि शेवटी मोटारीची होडी. कौसल्येने चिवडा, ठेचा आणि लोणच्याची बरणी घेतली होती. बेटावर पोचले गुरुवारी, दिवस कलायच्या सुमारास. पाणी थेट नारळांच्या मुळांना लागलं होतं. खोली पाण्यापासून वीस पावलांवर. दुधासारख्या चादरी, उशीवर लाल फूल, न्हाणीघर तर त्यांच्या स्वयंपाकघराहून मोठं. मधुकरराव गादीवर बसून दोनदा उडाले आणि खुशीत हसले.

कौसल्या मात्र दारातच उभी राहिली. नदीला पलीकडचा काठ असतो. पूर कितीही येवो, पलीकडे बाभळी दिसतात, देवळाचा कळस दिसतो, कोणीतरी म्हैस धूत असतं. इथे पलीकडे काहीच नव्हतं. पाणी जात होतं, जात होतं, आणि आभाळालाच जाऊन भिडत होतं.

"अहो, आपण वापस जाऊ," ती म्हणाली.

"येडी झाली काय वं? आत्ताच तर आलो."

तिथल्या म्यानेजरने हिंदीत सगळं समजावून सांगितलं. जेवणाच्या वेळा सांगितल्या, काय शिवू नका ते सांगितलं, आणि जाता जाता म्हणाला, "और साहब, उतरने से पहले पानी देखके जाना." मधुकररावांनी बायकोकडे बघून मिशीत हसून घेतलं. पाणी बघायला त्यांनी घरूनच माणूस आणलं होतं.

शुक्रवारी सकाळी कोया नावाच्या म्हाताऱ्या नाववाल्याने त्यांना काचेच्या बुडाच्या होडीतून फिरवलं. काय सांगावं! पोपटासारखे हिरवे मासे, पिवळ्या पट्ट्यांचे मासे, दगडासारखी दिसणारी पण जिवंत असलेली पोवळ्यांची झुडपं, आणि खाली वाळूवर एक कासव, म्हातारी बाई बाजाराला निघाल्यागत सावकाश चाललेलं. मधुकरराव काचेवर नाक टेकवून लहान पोरासारखे ओरडत होते. कौसल्येलाही क्षणभर बरं वाटलं. कोयाने बोट करून दाखवलं, की तिकडे वाळूचा उंचवटा आहे, पाणी उतरलं की उघडा पडतो, आणि त्याच्या पल्याड कासवं गवत खायला येतात.

दुपार झाली. शुक्रवार, म्हणून म्यानेजर, कोया आणि बाकीची सगळी माणसं नमाजाला शेजारच्या मोठ्या बेटावर गेली, तीन वाजेपर्यंत येतो म्हणून. दोन गोरी जोडपी दुसऱ्या होडीतून कुठे लांब गेली होती. या दोघांचं जेवण टेबलावर झाकून ठेवलेलं. एवढ्या बेटावर दोघंच उरले.

आणि पाणी बघतात तर काय, काल नारळांच्या मुळाशी असलेलं पाणी लांब गेलं होतं. ओल्या वाळूत खेकडे पळत होते. दीड फर्लांगावर तो वाळूचा उंचवटा उघडा पडला होता, मध्ये घोट्याएवढं पाणी, एका ठिकाणी फार तर गुडघ्याएवढं.

"काय वं, आभाळ कसं आहे?" मधुकररावांनी विचारलं. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात साडूकडून मागून आणलेला क्यामेरा.

आता खाप्याच्या मुलीने काय समजावं? ती तेच समजली जे बळीरामने शिकवलं होतं. काल पूर होता, आज ओसरला. ओसरता पूर चार दिवस ओसरतच राहतो, उलटा फिरत नाही. तरी तिने सगळं रीतसर केलं. आभाळ पाहिलं, चारी बाजूंनी पाहिलं. ढगाचा ठिपका नाही. पाण्याचा रंग पाहिला. इतकं नितळ, की तळाची शिंपली मोजावी. मग नारळाच्या झावळीची एक काडी तोडून पाण्याच्या कडेला रोवली आणि पाच मिनिटं उकिडवी बसून राहिली. पाणी काडीपासून आणखी दोन बोटं मागे सरकलं.

"जा," ती म्हणाली. "काही नाही होत."

ते गेले. धोतर वर खोचलेलं, टोपी हलत हलत लहान होत गेली. ती नारळाच्या सावलीत बसली. वाऱ्याने डोळा लागला. किती वेळ, कोण जाणे.

जागी झाली ती पायाला गार लागलं म्हणून.

काडी नव्हती. म्हणजे होती, पण पाण्याखाली, नुसतं टोक दिसत होतं. कौसल्येने आधी आभाळाकडे पाहिलं. निळंशार, कोरडं ठणठणीत. तिला वाटलं, आपण झोपेत सरकलो असू. तिने दुसरी काडी तोडली, वर रोवली. बघता बघता पाणी काडीशी आलं आणि काडीच्या पुढे गेलं. ना गढूळ, ना फेस, ना आवाज. चोर शिरावा तसं पाणी येत होतं.

पाऊस नाही, ढग नाही, मग हे कुठून येतं? बापाने सांगितलेल्या कुठल्याच गोष्टीत हे बसत नव्हतं. देवाशपथ सांगते, ती मनात म्हणाली, मी नीट पाहिलं होतं. पण ऐकायला होतं कोण?

"अहो! वापस या! अहो जी!"

वारा तिच्याच तोंडावर होता. टोपी तिकडे वाकलेली, पाठमोरी. तो माणूस कासवांत रमला होता. घाटावर असं झालं की तिचा बाप थाळी वाजवायचा. ती खोलीत पळाली, टेबलावरच्या स्टीलच्या ताटातलं अन्न खाली सांडलं आणि पळीने ताट बडवत पाण्याशी आली. ठण् ठण् ठण्!

टोपी वळली. मधुकररावांनी हात वर केला. मग बोटं तोंडाशी नेली, तिच्याकडे हात दाखवला आणि हसत मान डोलावली. तू जेवून घे, मी येतो मागून.

"अवं माय, माय!" कौसल्या रडायलाच लागली. "जेवाले नाही बोलवून राहिली मी!"

ती बडवत राहिली. शेवटी ताट फेकून पदर दोन्ही हातांनी हलवू लागली, तेव्हा त्यांना काहीतरी कळलं. त्यांनी भोवती पाहिलं. उंचवटा अंगणाएवढा होता तो आता सतरंजीएवढा राहिला होता. ते घाईने निघाले. घोट्याएवढ्या पाण्याच्या जागी मांड्यांएवढं पाणी. आणि ती मधली खोलगट जागा आली, जाताना गुडघ्याएवढी होती ती. त्यांनी पाय टाकला आणि छातीपर्यंत गेले. धडपडत मागे फिरले. टोपी पाण्यात पडली आणि धारेला लागून आडवी चालली.

मधुकरराव पुन्हा उंचवट्यावर जाऊन उभे राहिले. आता त्यांनी ओरडणं सोडलं होतं. नुसते तिच्याकडे बघत होते. चोवीस वर्षं ज्या तोंडाने सांगितलं ते ऐकलं, त्या तोंडाकडे बघत होते, आता काय करू म्हणून.

ती मुदपाकखान्याकडे धावली. कोणी नाही. धक्क्यावर धावली. रिकामी खुंटी. तीन वाजायला किती अवकाश होता तिला माहीत नव्हतं. आणि माहीत असून काय होणार होतं? पाणी काय घड्याळ बघून थांबणार होतं?

मग मात्र कौसल्येने रडणं गिळलं. खोलीत पिण्याच्या पाण्याचा मोठा प्लॅस्टिकचा क्यान होता. तो तिने ओतला, झाकण दातओठ खाऊन आवळलं, पदराने कमरेला करकचून बांधला. हाच भोपळा. लुगड्याचा काचा मारला. शेवटचं पोहून पंचवीस वर्षं झाली होती. लग्न होऊन शहरात गेलेली बाई कुठे पोहते?

तिने नारळाचं एक सोडण पाण्यात फेकलं. ते बेटाच्या कडेकडेने धक्क्याच्या दिशेला गेलं. म्हणजे धार तिकडे होती. ती उलट्या बाजूला पळत गेली, पार टोकाशी, आणि तिथून तिरपी पाण्यात शिरली. धारेशी भांडायचं नाही, बाप म्हणायचा, तिच्या खांद्यावर बसून जायचं. एवढी एक गोष्ट तरी खाप्याची इथे चालू दे रे देवा, ती म्हणत होती.

पोवळ्यांनी तळपाय फाटले. तोंडात पाणी गेलं आणि ती दचकली. खारट! नदीचं पाणी गिळता येतं, हे गिळलं की उलटी येते. खाली तळ दिसत होता, दूर, निळा, आणि त्यावरून एक काळी सावली सरकत गेली. कासव असेल नाहीतर आणखी काही, तिने बघितलंच नाही. तिला भीती वाटत होती. मरायची वाटत होती आणि त्याहून जास्त, जिवंत काठाला लागायची, एकटीने. आपल्या तोंडाने "जा" म्हटलं, हे मग कोणाला सांगायचं?

पाय वाळूला लागले तेव्हा मधुकरराव कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. क्यामेरा डोक्यावर धरलेला. ओठ पांढरे.

"कौसल्या," ते म्हणाले, "पाणी काहून वाढून राहिलं वं?"

"मले नाही मालूम. क्यान धरा. पाय सोडा."

"मी नाही सोडत. इथं जमीन आहे."

"जमीन चालली जी! धरा म्हणते ना!"

त्यांनी क्यान नाही धरला, तिलाच धरलं. गळ्याला मिठी मारली, आणि दोघं पाण्याखाली गेले. तिच्या कानात घंटा वाजायला लागल्या. बुडता माणूस समोरून येऊ देऊ नये, हे माहीत असून ती समोर गेली होती. तिने गुडघा मारला, सुटली, वर आली, आणि नवरा वर येताच त्याच्या थोबाडीत अशी सणसणीत ठेवून दिली की हातच झिणझिणला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. मधुकरराव थक्क झाले आणि तेवढ्यात तिने क्यान त्यांच्या छातीखाली सारून मागून बगलेत हात घातला.

"आता बोलू नोका. नुसते वर पाहा."

ते वर बघत राहिले. वर ते निर्लज्ज निळं आभाळ होतं. धारेने दोघांना उचललं आणि धक्क्याकडे नेलं. पोहत नेलं म्हणण्यात अर्थ नाही, पाण्याला न्यायचं होतं म्हणून नेलं. धक्क्याच्या खांबाला तिचा खांदा आपटला, तिने खांब कवटाळला आणि नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर काही सोडली नाही.

होडी आली तेव्हा दोघं धक्क्याच्या पायरीवर बसलेले. कौसल्येच्या पायांतून रक्त येत होतं. कोयाने उडी मारली, पाय धुतले, कुठला तरी पाला चोळला. म्यानेजर हात जोडून पुन्हा पुन्हा माफी मागत होता.

"बादल नहीं था," कौसल्या कोयाला म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मैंने देखा था. एक भी बादल नहीं था."

म्हाताऱ्याने नवलाने तिच्याकडे पाहिलं. "बादल का क्या काम, बहन? ये तो चाँद का पानी है. रोज आता है, रोज जाता है. दिन में दो बार."

"कल भी?"

"कल भी. परसों भी."

मधुकररावांनी कपाळावर हात मारून घेतला. "अवं, भरती-ओहोटी! शाळेत होतं ना भूगोलात! पुस्तकातली गोष्ट हो, इथं कोणाच्या ध्यानात येते?" आणि ते हसले. खरंच हसले. जीव वाचलेला माणूस हसतोच.

कौसल्या हसली नाही. पाण्यात वाटली नव्हती एवढी भीती तिला आत्ता वाटली. उरलेले दिवस तिने समुद्राकडे पाठ करून खोलीत काढले. मधुकररावांनी शिंपले वेचले, धक्क्यावरून मासे पाहिले. ती दिवसातून दोनदा पाणी येताना ऐकायची आणि गादीची कड घट्ट धरायची.

"मी चुकली," एकदा ती म्हणाली. "मीनंच म्हटलं होतं, जा."

"कायची चुकली? तू होती म्हणून वाचलो," मधुकरराव म्हणाले आणि तिच्या पायावरची पट्टी बदलू लागले. भला माणूस. पण त्यांना कळलंच नाही ती काय म्हणत होती.

नागपुरात आल्यावर तर विचारूच नका. दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी कासव, मग पूर, मग कौसल्येचं पोहणं, मग थोबाडीत. थोबाडीतवर सगळे टाळ्या द्यायचे. शेजारच्या शोभाताईंनी तर खणानारळाने ओटी भरली. "सावित्री आहेस वं तू!" म्हणाल्या. कौसल्या मान खाली घालून बसली. प्रत्येक कौतुक तिला टोचत होतं. सावित्रीने नवऱ्याला यमाच्या दारात स्वतः थोडीच धाडलं होतं?

पंधरा दिवस मधुकरराव दुकान सोडून कुठे गेले नाहीत. सोळाव्या दिवशी कामठीहून माणूस आला, की नवा बसवलेला पंप पाणी ओढत नाही, मालकांनी स्वतः यावं. सकाळचे नऊ वाजले होते. स्कूटर अंगणात काढली, किक मारली, आणि सवयीप्रमाणे हाक दिली.

"काय वं, आभाळ कसं आहे?"

कौसल्या हाताला कणीक तशीच ठेवून बाहेर आली. पायरीवर उभी राहून मान वर केली. फेब्रुवारीचं आभाळ, धुतल्यासारखं. या कडेपासून त्या कडेपर्यंत ढगाचा ठिपका नव्हता.

त्या दिवशीही नव्हता.

कामठीला जायला दहा मैलांचा डांबरी रस्ता, मध्ये ना ओढा ना नाला, हे तिला कळत नव्हतं का? कळत होतं. पण "जा" हा शब्द काही तिच्या तोंडून निघेना. तिने पुन्हा आभाळ पाहिलं, चारी बाजूंनी. जितकं बघावं तितकं ते साफ दिसत होतं, आणि जितकं साफ दिसत होतं तितका तिला त्याचा भरवसा वाटेना.

"अवं, सांग ना. माणूस थांबून राहिला तिथं."

"मले नाही समजत," ती म्हणाली.

"काय नाही समजत?"

"आभाळ. मले आता काहीच नाही समजत जी. मले नोका विचारू." आणि तिने कणकेच्या हातांनी स्कूटरचं हँडल धरलं, जसा तो धक्क्याचा खांब धरला होता तसंच.

मधुकरराव हसायला गेले. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. वाळूच्या उंचवट्यावर उभं राहून दूरवरून पाहिलेला, तो हाच चेहरा. त्यांनी वर आभाळाकडे बघितलं, चोवीस वर्षांत पहिल्यांदा स्वतः अंदाज घ्यायला म्हणून, आणि त्यांना तिथे काहीच वाचता आलं नाही. हात आपोआप किल्लीकडे गेला. इंजिन बंद झालं.

"मग आता मी कोणाले विचारू वं?" ते म्हणाले.

ती हँडल सोडून पायरीवर जाऊन बसली. त्यांनी स्कूटर परत स्टँडवर लावली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले.